मंगळागौर खेळणाऱ्या बायका नक्की किती, मोजलं कुणी?

संपादक साहेब, नमस्कार,

श्रावण आला की पेपरात एक वाक्य ठरलेलं असतं, "हजारो महिलांनी मंगळागौरीच्या खेळांचा आनंद लुटला", आणि यंदा तुमच्याकडे त्या हजारोंच्या थेट लाखो झाल्या. असतीलही बाई लाखो, मी नाही म्हणत नाही. पण मी तीस वर्षं अकाउंट्समधे काढलीत, आकडा दिसला की व्हाउचर कुठेय असं तोंडातून निघतंच, आणि वर मी स्वतः खेळते म्हणून जास्तच खटकलं.

मुळात खेळणारी म्हणायचं कुणाला? नवी नवरी लग्नानंतर पहिली पाच वर्षं मंगळागौर पुजते, वशेळ्या येतात, रात्री जागरणाला झिम्मा, पिंगा, बस फुगडी, लाट्या बाई लाट्या होतं, ती झाली घरची. दुसऱ्या आम्ही, म्हणजे ग्रुपवाल्या. आषाढ लागला की सोसायटीच्या गच्चीवर नाहीतर पार्किंगमधे प्रॅक्टिस सुरू, एकसारख्या नऊवाऱ्या, आतून नीकॅप. आता घरोघर ग्रुप बोलवायची पद्धत पडलीय, पाहुण्या खुर्चीत बसून मोबाईलवर शूटिंग करतात आणि शेवटी पंधरा मिनिटं उठून फुगडी घालतात, मग त्या पन्नास जणी मोजायच्या की नाही? मी म्हणेन नाही. पण कुणी म्हणेल का नाही, फुगडी तर घातली ना, आणि तिथेच आकडा चौपट होतो.

बरं, ग्रुपला विचारून मोजावं तर तेही अवघड. आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपमधे मेंबर 43 आहेत. त्यातल्या कितीतरी जणी मुलांकडे बंगळूरला नाहीतर अमेरिकेला गेल्यात, एक टेम्पोवाला दादा आहे, प्रॅक्टिसला येतात वीस आणि स्टेजवर चौदा. पण तुमच्या वार्ताहराने फोन केला तर आमच्या ताई 43च सांगणार, कमी कशाला सांगतील!

सरकारी आकडे बघू म्हटलं तर जनगणनेत छंद विचारत नाहीत आणि 2011 नंतरची जनगणना लांबतच गेली. वेळेचा वापर बघणारा एक सर्व्हे मात्र असतो, 2019 मधे झाला, परत 2024 मधे झाला, त्यात माणसाला एका दिवसाचे चोवीस तास अर्ध्या अर्ध्या तासाने विचारतात, काय करत होतात म्हणून. चांगली पद्धत आहे. पण एकच दिवस विचारतात हो, आणि आमच्या खेळाला श्रावणातले मंगळवारच जेमतेम चार-पाच, त्यात आजूबाजूचे शनिवार-रविवार धरा. सर्व्हेवाली फेब्रुवारीत आली तर मी काय सांगणार, सकाळी भाजी निवडली, संध्याकाळी सिरीयल बघितली.

वाघ कसे मोजतात ते मला भारी आवडतं. कॅमेरे लावतात, प्रत्येकाचे पट्टे वेगळे त्यामुळे कुठला वाघ परत दिसला ते कळतं, आणि परत किती दिसले त्यावरून न दिसलेले किती असतील त्याचा हिशोब लावतात. 2022 चा अंदाज 3,682 होता तो असाच, त्यातले दिसले किती आणि हिशोबाने किती हे वेगवेगळं सांगितलं होतं. म्हटलं आपल्या डोंबिवलीत करून बघू. एका स्पर्धेला बारा-बारा जणींचे आठ ग्रुप होते, म्हणजे 96. तीन आठवड्यांनी दुसरी स्पर्धा, सात ग्रुप, 84 जणी, त्यात आधीच्या स्पर्धेतल्या 24 (नऊवारी, नथ आणि तेवढा मेकअप असताना चेहरे ओळखणं वाघापेक्षा अवघड, पण ओळखले). म्हणजे दुसऱ्या स्पर्धेत साडेतीन जणींत एक आधी दिसलेली, तर पहिल्या 96 याही एकूण खेळणाऱ्यांच्या तेवढ्याच हिश्श्याच्या असणार; 96 गुणिले 84 भागिले 24, उत्तर 336. मी खूश.

मग रात्री झोप येईना तेव्हा लक्षात आलं की वाघ एकेकटा फिरतो, बायका ग्रुपने येतात. त्या 24 म्हणजे खरंतर दोनच ग्रुप. त्यातल्या एका ग्रुपच्या मेन फुगडीवालीचा गुडघा त्या आठवड्यात धरला असता आणि त्यांच्या जागी कुणी नवा ग्रुप आला असता तर परत दिसलेल्या उरल्या 12, आणि माझं उत्तर झालं 672. एका गुडघ्यापायी आकडा डबल! शिवाय ज्यांना स्पर्धेची हौस त्या सगळीकडे दिसतात त्यामुळे अंदाज मुळातच कमी येतो, आणि ज्या फक्त घरोघरी खेळतात, स्पर्धेला कधी जातच नाहीत, त्या तर या हिशोबात कुठेच नाहीत.

म्हणून उलट्या बाजूनेही बघितलं. कल्याण-डोंबिवलीची 2011 ची लोकसंख्या साडेबारा लाखाच्या आसपास, बायका अंदाजे सहा लाख. शंभरात एक खेळते म्हटलं तर सहा हजार, बाराच्या हिशोबाने पाचशे ग्रुप. पाचशे ग्रुप प्रॅक्टिस कुठे करणार, आम्हाला एक गच्ची मिळवायला सेक्रेटरीला दोनदा मसाला दूध पाजावं लागतं. हजारात एक म्हटलं तर सहाशे, पन्नास ग्रुप, हे पटण्यासारखं आहे आणि मघाच्या दोन आकड्यांच्या मधेच येतं. लोकसंख्या आता वाढलीय, 2023 साली मंगळागौरीच्या स्पर्धेवर सिनेमा आला त्यानंतर नवे ग्रुपही निघालेत, तरी डोंबिवली-कल्याण धरून मी हजार-दीड हजाराच्या वर जाणार नाही. आता यावरून राज्यभरातल्या लाखो कशा होतात ते तुम्हीच सांगा, का पाहुण्यांची पंधरा मिनिटंही धरलीत?

गरब्याला निदान पास असतात, पण तिथेही नऊ रात्रींची गर्दी बेरीज करून छापतात, म्हणजे एकच मुलगी नऊ वेळा.

तर विनंती एवढीच की पुढच्या श्रावणात आकडा छापाल तेव्हा तो कुणी सांगितला आणि कुणाकुणाला धरलं हे एका ओळीत लिहा. आणि डोंबिवलीतले ग्रुप मोजायला कुणी आलंच तर मला एकदाच धरा, मी दोन ग्रुपमधे आहे.

— एक फुगडीवाली, डोंबिवली पूर्व