मुक्त औषधाच्या हिशेबात यकृत कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतील ताज्या लेखात म्हटले आहे की, वॉरफरिन हे रक्ताची गुठळी होऊ न देणारे औषध ९९ टक्के प्रमाणात अल्ब्युमिन या रक्तातील प्रथिनाला चिकटलेले असते. दुसऱ्या औषधाने त्यातले एक टक्का जरी सोडवले, तरी मुक्त, म्हणजे न चिकटलेले, औषध दुप्पट होऊन रक्तस्राव ओढवतो, असा लेखाचा दावा आहे. गणित वरवर चोख आहे, पण त्यात यकृताला जागाच ठेवलेली नाही.

प्रथिनाला चिकटलेले औषध परिणामही करत नाही आणि यकृतातील विकरांच्या (एन्झाइमच्या) हातीही लागत नाही. त्यामुळे वॉरफरिन, फेनिटॉइन (अपस्मारावरचे औषध) यांसारख्या, यकृत संथपणे हाताळते अशा औषधांचा मुक्त वाटा वाढला की त्यांचा निचराही त्याच प्रमाणात वाढतो. मुक्त औषधाची पातळी थोडा वेळ चढते आणि पुन्हा मूळ जागी येते. खाली येते ती एकूण पातळी. फेनिलब्युटाझोन या वेदनाशामकामुळे वॉरफरिनचा परिणाम वाढतो याचे खापर बरीच वर्षे या 'सोडवण्या'वरच फुटत असे. वॉरफरिनच्या दोन रूपांपैकी अधिक प्रभावी रूपाचे विघटनच फेनिलब्युटाझोन रोखते, हे १९७४ मध्ये दाखवले गेले.

खरा धोका प्रयोगशाळेच्या अहवालात दडलेला असतो, आणि लेखात नेमका त्याचाच उल्लेख नाही. फेनिटॉइनची एकूण पातळी लिटरला १० ते २० मिलिग्रॅम असावी, असा संकेत आहे. त्यातील सुमारे दहावा भाग मुक्त असतो. समजा, रुग्णाची पातळी १५ आहे, म्हणजे मुक्त औषध दीड मिलिग्रॅम. आजारपणात अल्ब्युमिन घटून मुक्त वाटा २० टक्क्यांवर गेला आणि यकृताची विकरे पूर्वीसारखीच काम करत असली, तर अहवालात साडेसात हा आकडा येईल, मुक्त औषध मात्र दीड मिलिग्रॅमच राहील. केवळ आकडा पाहून मात्रा वाढवली, तर डोळे थरथरणे, तोल जाणे ही विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. शिवाय या औषधाची विकरे लवकर थकत असल्याने थोडी वाढही फार महागात पडते. अशा वेळी अल्ब्युमिन तपासावे, शक्य तर मुक्त औषधच मोजून घ्यावे.

हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरचे लिडोकेन, रक्तदाबावरचे प्रोप्रॅनोलॉल यांची गोष्ट वेगळी. यकृत ती इतक्या झपाट्याने उचलते की, मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्तप्रवाह हीच तिथली मर्यादा ठरते आणि प्रथिनांची पकड निचऱ्याला फारशी आड येत नाही. म्हणूनच लिडोकेन शिरेतून सतत दिले जात असताना बंधन सैल झाले, तर मुक्त पातळी खरोखरच वाढून टिकू शकते. लेखकाला इशाराच द्यायचा होता, तर वॉरफरिनपेक्षा हे उदाहरण त्यांच्या अधिक उपयोगी पडले असते.

आपला,
औषधशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक