भुसा आणि एमडीएफची धूळ एका पोत्यात नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात माझा पॅटर्न बनवायचा छोटा कारखाना आहे. फौंड्रीत धातू ओतायच्या आधी वाळूत ज्याचा ठसा उमटवतात, तो लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. सागवान, पाइन रंधायचं, खरादावर कातायचं, बँड सॉवर कापायचं, हे आमचं रोजचं काम. त्यामुळे भुसाही रोजचा. उन्हाळ्यात नाल्याच्या कडेला आणि मोकळ्या प्लॉटवर भुशाची पोती पेटवलेली दिसतात. ती आमच्यासारख्यांच्याच कारखान्यांतून आणि फर्निचरच्या कामांवरून गेलेली असतात. भुशाचा ढीग वरून विझल्यासारखा दिसतो, पण आत दोन-दोन दिवस धुमसतो आणि तो धूर आजूबाजूच्या घरांत शिरतो. उघड्यावर कचरा जाळायला घनकचरा नियमांत मनाई आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण नुसत्या मनाईने पोतं कुठे जाणार? त्याला गिऱ्हाईक पाहिजे. आणि ते या शहरात आहे, असं माझं ठाम मत आहे.

अडचण एकच आहे. अस्सल लाकडाचा भुसा आणि प्लाय-एमडीएफची धूळ आपण एकाच झाडूने एकाच पोत्यात भरतो. एमडीएफ म्हणजे लाकडाचा तंतू आणि युरिया-फॉर्माल्डिहाइडचा गोंद दाबून केलेला तक्ता. त्याची धूळ चुलीत घातली तर त्या गोंदाचाही धूर होतो. ती जनावरांखाली किंवा कुंडीत घालणं तर नकोच. पोतंभर चांगल्या भुशात दोन सुपं एमडीएफची धूळ पडली की ते सगळं पोतं वाया जातं, कारण नंतर कोणी ते निवडू शकत नाही. म्हणून वेगळं करायचं ते मशीनपाशीच. आमच्याकडे सागवान-पाइनचं पोतं सुतळीने बांधतो आणि प्लाय-एमडीएफचं लाल वायरने. एमडीएफ कापायच्या आधी मशीनखालचं झाडून घ्यायचं, एवढीच सवय लावावी लागते. कीड लागू नये म्हणून औषध मारलेल्या किंवा जुन्या रंगवलेल्या लाकडाचा भुसाही लाल वायरीच्या पोत्यातच जातो.

आता गिऱ्हाईक कोण? पहिले आपले म्हैसवाले. गंगावेशीच्या कट्ट्यावर ग्लासात धारोष्ण दूध देणाऱ्या म्हशी याच शहरातल्या पेठांतल्या गोठ्यांत बांधलेल्या असतात. पावसाळ्यात गोठ्याची फरशी वाळत नाही, जनावर घसरतं, खूर सडतात. रंध्याची सालपटं तिथे फार उपयोगी. करवतीचा पिठासारखा बारीक भुसा मात्र गोठ्यात देऊ नये. तो कासेला चिकटतो, आणि ओला असला तर त्यात जंतू वाढून सडाला दगडी होते, म्हणजे कास सुजून कडक होते. म्हणून सालपटं कोरडी ठणठणीत हवीत, आणि मागच्या पायांखालची ओली झालेली रोज काढून नवी टाकायला हवीत. आमच्या शेजारच्या गल्लीतले गोठेवाले मामा सालपटं हातात घेऊन मुठीत दाबतात. मूठ उघडल्यावर ती परत फुलली तर पोतं घेतात, गोळा राहिला तर परत करतात. लाकूड ओलं की वाळलेलं, हे सांगायला याहून चांगलं यंत्र मी पाहिलेलं नाही.

गोठ्यातून निघालेल्या त्याच सालपटांचं पुढे खतही चांगलं होतं, आणि इथे परसबाग करणाऱ्यांनी जरा लक्ष द्यावं. कोरा भुसा थेट मातीत मिसळला की झाडं पिवळी पडतात. भुशात नत्राच्या कित्येक पट, अगदी दोनशे ते पाचशे पट कर्ब असतो. तो कुजवणारे जीवाणू लागणारं नत्र मातीतून ओढून घेतात आणि झाड उपाशी राहतं. खत नीट कुजायला हे प्रमाण पंचवीस-तिसाला एक असावं लागतं. शेण-गोमूत्रात भिजलेल्या सालपटांना नत्र आधीच मिळालेलं असतं, म्हणून ती लवकर कुजतात. ज्यांच्याकडे गोठा नाही त्यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याच्या बादलीत रोज वरून दोन मुठी भुसा टाकावा. पाणी शोषलं जातं, वास आणि चिलटं कमी होतात, आणि कर्ब-नत्राचा मेळही बसतो. अपार्टमेंटमध्ये ओला कचरा घरीच जिरवायला निघालेल्या ताईंना नारळाच्या काथ्याचा भुसा विकत आणावा लागतो. लाकडाचा त्यांना आम्ही फुकट देऊ. झाडाच्या बुंध्याभोवती आच्छादन करायचं असेल तर कोरा भुसाही चालतो, फक्त तो मातीच्या वर पसरायचा, आत खोदून घालायचा नाही.

बारीक भुशाला दुसरी जागा म्हणजे शेगडी. पन्नाशीपुढच्या वाचकांना ती आठवत असेल. पत्र्याचा डबा, खाली बाजूला एक भोक. त्या भोकातून एक गोल दांडकं आडवं सरकवायचं, मधोमध एक बाटली किंवा दुसरं दांडकं उभं धरायचं, आणि भोवती भुसा थरा-थराने ठोकून ठोकून भरायचा. मग दोन्ही दांडकी फिरवत हळूच काढून घ्यायची. आत काटकोनी बोगदा तयार होतो. खालून कागद पेटवला की भुसा आतल्या बाजूने जळत बाहेर येतो आणि दोन-तीन तास एकसारखी धग देतो, मध्ये जळण सारावं लागत नाही. सगळी करामत ठोकण्यात आहे. सैल भरला तर भिंत ढासळते आणि नुसता धूर होतो. आमच्या आईचं आंघोळीचं पाणी, जनावरांचा कोंडा, उन्हाळ्यात पापडाच्या पिठाचं पाणी, सगळं तिच्यावर व्हायचं. आजही परड्यात पाणी तापवायला ती उत्तम आहे. बंद खोलीत मात्र कधीही पेटवू नये, तिच्या धुरात विषारी वायू असतो. पटाशीच्या ढलप्या आणि लाकडाचे तुकडे सरळ तांब्याच्या बंबात जातात.

बाकीचे उपयोग धंद्यातल्यांना माहीत आहेत. सागवानाची बारीक पूड फेविकॉलमध्ये कालवून सांध्यातली फट भरली की पॉलिशखाली ती दिसत नाही. चांदीचे दागिने धुतल्यावर कोरड्या भुशात घोळून वाळवतात, आणि चांदीकामाचं हुपरी आपल्यापासून लांब नाही. गॅरेजमध्ये सांडलेलं ऑइल भुसा पटकन ओढून घेतो, पण तो ऑइलचा भुसा नंतर खतात किंवा चुलीत घालायचा नाही. मोठ्या प्रमाणावर भुसा निघत असेल तर तो ब्रिकेटवाल्यांना द्यावा. ब्रिकेट म्हणजे भुसा दाबून केलेली जळणाची कांडी, तिलाच पांढरा कोळसा म्हणतात. त्यात डिंक घालावा लागत नाही. दाबाने आणि उष्णतेने लाकडातलं लिग्निन मऊ होतं आणि तेच कांडी बांधून ठेवतं. त्यासाठी भुसा कोरडा हवा, म्हणून पोती पावसात उघडी टाकून उपयोग नाही.

कामगारांसाठी एक गोष्ट कळकळीने लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली, त्याला १९९५ पासून इतकी वर्षं झाली. नाक आणि नाकाशेजारच्या पोकळ्यांना तिचा धोका असतो. फॉर्माल्डिहाइडही त्याच गटात आहे. तरी पॉलिश पेपर मारणारी वीस वर्षांची पोरं तोंडाला नुसता रुमाल बांधतात. बारीक धूळ रुमालातून आरपार जाते. मालकांनी चांगले मास्क आणि मशीनला धूळ ओढणारी पिशवी द्यावी. एमडीएफ कापायच्या आधी पिशवी बदलली की भुसा वेगळाही राहतो.

महापालिकेला विनंती आहे की टिंबर मार्केट आणि उद्यमनगर या दोन ठिकाणी छप्पर असलेला एकेक कोपरा ठरवून द्यावा. एका बाजूला सुतळीची पोती, दुसऱ्या बाजूला लाल वायरीची. सुतळीची पोती गोठेवाले, नर्सरीवाले, घरी खत करणारे घेऊन जातील. लाल वायरीची पालिकेने वेगळी उचलावीत. असा कचरा सिमेंटच्या भट्ट्यांत इंधन म्हणून घेतला जातो, तिथे तापमान इतकं असतं की गोंद पूर्ण जळतो. स्मशानभूमीसाठी होळीच्या शेणी दान करणारं हे शहर आहे, पोती इकडून तिकडे पोचवणं त्याला जड जाणार नाही.

तोवर आमच्या गल्लीपुरतं आम्ही ठरवलं आहे. खंडेनवमीच्या आधी सगळे कारखाने झाडून निघतात, तेव्हा वर्षातला सगळ्यात जास्त भुसा बाहेर पडतो. ज्यांना हवा असेल त्यांनी त्या आठवड्यात संध्याकाळी सहाच्या आत रिकामी पोती घेऊन यावं. पैसे नाहीत. फक्त गोठ्यासाठी हवा की खतासाठी, ते आधी सांगावं, म्हणजे सालपटं आणि बारीक भुसा वेगळा काढून ठेवता येईल.

आपला,
एक पॅटर्नमेकर,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर