जुन्या गाड्यांची तपासणी खालूनही व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवर मारुती ८०० आणि ओम्नी आजही रोजच्या वापरात आहेत. ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये आणि ओम्नीचे २०१९ मध्ये थांबले; तरीही ऑइल वेळेवर बदलले, तर दोन-अडीच लाख किलोमीटरनंतरही त्यांचे ७९६ सीसीचे इंजिन कुरकुरत नाही, सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात आणि आंबा बागायतदाराला, मासळीविक्रेत्याला किंवा निवृत्त शिक्षकाला नव्या गाडीच्या हप्त्यापेक्षा हीच परवडते. आमच्याकडे या गाड्या भंगारात जातात त्या बहुधा इंजिनामुळे नव्हे, पत्र्यामुळे. त्या पत्र्याची दुरुस्ती ज्या रीतीने सर्रास केली जाते, ती आत बसणाऱ्यांच्या जिवावर बेतू शकते, म्हणून हे पत्र.

जीप किंवा बोलेरोला खाली स्वतंत्र चॅसी असते, त्यामुळे वरचा पत्रा सडला तरी भार तोलणारा सांगाडा शाबूत राहू शकतो. ८०० सारख्या छोट्या मोटारीला अशी वेगळी चॅसी नसते. तळाचा पत्रा, दारांखालच्या पोकळ पट्ट्या आणि पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या बैठका मिळूनच तिचा सांगाडा बनतो. सीटबेल्टचा बोल्ट, सीटचे नट, सस्पेन्शनचे जोड हे सगळे याच पत्र्याला धरून असतात. तो आतून पोकळ झाला, तर धडकेच्या वेळी सीटबेल्ट लावलेला असूनही उपयोगाचा राहत नाही. याच तळाखालून ब्रेकची लोखंडी नळी जाते, तीही त्याच खाऱ्या चिखलात गंजते. आणि सायलेन्सर फुटलेला व तळाला भोक पडलेले असेल, तर कार्बन मोनॉक्साइड थेट आत शिरतो, त्याला ना रंग ना वास.

असे असताना पासिंगच्या, म्हणजे नोंदणी नूतनीकरणासाठीच्या आरटीओ तपासणीच्या, आधी किंवा गाडी विकायच्या आधी काय होते? रंगावर आलेला फुगा खरवडतात, त्यावर पॉलिश पेपर फिरवतात, पुट्टी भरतात आणि रंगाचा फवारा मारून गाडी चकचकीत करून देतात. पुढच्या पावसाळ्यात फुगा पुन्हा त्याच जागी येतो. याचे कारण साधे आहे. दारांखालच्या पट्ट्यांत आणि चाकांवरच्या कमानींत गंज बाहेरून आत जात नाही, तो बहुतेक वेळा आतून बाहेर येतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा बरेच जास्त असल्याने तो रंगाला खालून उचलतो, म्हणजे फुगा दिसेपर्यंत आतली बाजू कितीतरी अधिक खाल्लेली असते. शिवाय साध्या पुट्टीत शंखजिऱ्याची पूड असते आणि उघड्या पत्र्यावर थेट भरलेली अशी पुट्टी ओलावा शोषून घेते. माझ्या परिचयातील एका गाडीत मागच्या सीटबेल्टच्या बोल्टाभोवती बोटभर जाडीची पुट्टी होती, आणि तिच्यामागे पत्रा असा उरलेलाच नव्हता. ती गाडी घेणाऱ्या कुटुंबाला हे कळणार तरी कसे?

नीट दुरुस्ती अवघड नाही, पण तिला वेळ लागतो. आधी सीट, मॅटिंग आणि खालचा फेल्ट काढून तळ उघडा करावा लागतो, कारण ओल तिथेच मुरते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेले की चांगला पत्रा कोठे संपतो हे आवाजावरून समजते. नुसता वरवरचा गंज असेल तर तारेच्या ब्रशने तो घासून, फॉस्फोरिक आम्ल असलेले गंजनाशक लावावे, त्याचा उरलेला अंश डब्यावरील सूचनेप्रमाणे काढून पत्रा पूर्ण कोरडा करावा आणि दोन घटक मिसळून करायचा इपॉक्सी प्रायमर मारावा. आपल्याकडे सवयीने वापरला जाणारा साधा रेड ऑक्साइड प्रायमर खाऱ्या हवेत एकटा टिकत नाही. पत्रा कुजलाच असेल, तर चांगला पत्रा लागेपर्यंत कापून त्याच जाडीचा नवा तुकडा वेल्ड करणे याला पर्याय नाही. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची वायर काढणे आणि पेट्रोलची नळी बाजूला घेणे यांत हयगय झाली, तर गाडी पेटू शकते. वेल्डिंगच्या उष्णतेने मागच्या बाजूचा रंग जळतो हे फार थोडे कारागीर लक्षात घेतात. म्हणून शेवटी पोकळ भागात नळीने मेणाचा फवारा मारला नाही, तर नवा तुकडाही जुन्याच वाटेने जातो.

पावसाळ्याआधी गाडीखाली जळके ऑइल मारण्याची आमच्या भागातील जुनी पद्धत मात्र बंद झाली पाहिजे. त्याने रबरी बुश फुगून निकामी होतात आणि पहिल्याच पावसात ते ऑइल अंगणातून विहिरीकडे वाहून जाते. गंजावरच थापलेले डांबरी कोटिंगही तितकेच घातक, कारण ते पाण्याला आत कोंडून ठेवते. त्यापेक्षा गोड्या पाण्याचा जोरदार फवारा कितीतरी उपयोगी ठरतो, आणि तो पावसाळ्यापुरता नको. मीठ हवेतली वाफ ओढून घेते, त्यामुळे दिवाळीनंतरच्या कोरड्या महिन्यांतही खाऱ्या वाऱ्यात उभी असलेली गाडी गंजत राहते. चाकांच्या कमानीत साचलेला चिखल काढणे, दारांच्या खालच्या कडेची पाणी निचरणारी भोके तारेने मोकळी करणे, काचेखालच्या जाळीत अडकलेला पाचोळा उपसणे ही कामे कोणालाही घरी जमतील. मासळीची ने-आण होत असेल, तर बर्फाचे खारे पाणी डिकीत सांडू न देण्यासाठी खोल ट्रे ठेवावा. मुंबईकर मंडळी गावी ठेवलेल्या गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधून जातात, त्यांनाही विनंती आहे की चार खांबांवर पत्रे टाकून मोकळी हवा खेळू द्यावी. आणि पुळणीवर लाटांतून गाडी पळवणाऱ्या पर्यटकांनी त्याच दिवशी गाडी खालून धुतली नाही, तर खारी वाळू पुढचे कित्येक महिने सांध्यांत बसून राहते.

आता तपासणीविषयी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५००० रुपये झाले, आणि वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते नंतर आणखी वाढले. एवढे शुल्क भरणाऱ्या मालकाला आपल्या गाडीचा तळ सुरक्षित आहे की नाही हे कळण्याचा हक्क आहे. ब्रिटनमध्येही रस्त्यांवर टाकलेल्या मिठामुळे गाड्या गंजतात. तेथील वार्षिक एमओटी तपासणीत सस्पेन्शन किंवा सीटबेल्ट ज्या जागी जोडलेला असतो, त्याच्या ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा फार गंजलेला आढळला, तर गाडी नापास होते. आणि तिथला तुकडा चारही कडांनी सलग वेल्ड केलेला असावा लागतो, पुट्टी चालत नाही. असा स्पष्ट, मोजता येणारा निकष आपल्या परिवहन विभागाने निदान किनारी जिल्ह्यांत लागू करावा, गाडी पिटावर किंवा लिफ्टवर घेऊनच पासिंग करावे आणि गंजाच्या जागा दाखवणारा लेखी कागद मालकाच्या हाती द्यावा. सरसकट वयावर बोट ठेवून गाडी मोडीत काढण्यापेक्षा हे न्याय्य आहे, कारण निगा राखलेली वीस वर्षांची गाडी समुद्रकाठी दुर्लक्षित ठेवलेल्या दहा वर्षांच्या गाडीपेक्षा भक्कम असू शकते.

मोटारीच्या बॉडीची दुरुस्ती आणि रंगकाम हे दोन्ही विषय आयटीआयच्या अभ्यासक्रमांच्या यादीत आहेत. किनारपट्टीवरील आयटीआयमध्ये त्यांना प्राधान्य द्यावे, आणि आज गॅरेजमध्ये काम करणाऱ्या डेंटर-पेंटर मंडळींसाठी पावसाळ्याच्या चार महिन्यांत, त्यांच्याकडे काम कमी असताना, अल्प मुदतीचे वर्ग घ्यावेत.

आपला,
एक जुना गाडीमालक
ता. गुहागर, जि. रत्नागिरी