अर्जावर नाव कोणाचे घालायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निकाल लागले की पुण्यात नोकरीच्या अर्जांचा हंगाम सुरू होतो. रेझ्युमेवर मुले पुन्हा पुन्हा हात फिरवतात आणि सोबतच्या पत्राची पहिलीच ओळ 'टू हूमसोएव्हर इट मे कन्सर्न' अशी उरकून टाकतात. हा मायना दाखल्यांचा. बोनाफाईड, अनुभवाचे प्रमाणपत्र, पगाराचा दाखला, म्हणजे जे पुढे कोणालाही दाखवायचे असते त्यावर तो शोभतो. अर्ज एका ठरावीक टेबलावर जातो. तिथे हा मायना दिसला की हेच पत्र आणखी पन्नास ठिकाणी गेले आहे, असे वाचणारा धरून चालतो. 'रिस्पेक्टेड सर' त्याहून वाईट. भरतीच्या टेबलामागे बाई असणे आता नेहमीचेच आहे.

आधी नाव शोधावे. जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी, कारण ईमेलच्या पत्त्यातच पुष्कळदा नाव असते. लिंक्डइनवर कंपनीच्या पानावर 'पीपल'मध्ये 'टॅलेंट ॲक्विझिशन' घालून पाहावे. मात्र ती व्यक्ती पुण्याचीच भरती बघते का, हे तपासावे. तेही जमले नाही तर सरळ बोर्डलाइनवर फोन लावावा आणि एवढेच विचारावे : "क्वालिटीच्या जागेसाठी अर्ज कोणाच्या नावाने पाठवू? स्पेलिंग सांगता का?" स्पेलिंग सोडू नये. एकटे 'दीक्षित' इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहितात.

भोसरी-चाकणच्या लहान वर्कशॉपमध्ये एचआर नसतोच, अर्ज मालक वाचतो. त्याचे नाव पाटीवर नसले तरी जीएसटी क्रमांक असतो, तो लावावाच लागतो. १५ अक्षरी क्रमांकातले पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरे पॅनची. पूर्ण क्रमांकातले सहावे अक्षर 'पी' असेल तर धंदा एकट्या मालकाचा. मग जीएसटीच्या संकेतस्थळावर 'सर्च टॅक्सपेअर'मध्ये क्रमांक टाकला की 'लीगल नेम'समोर मालकाचेच नाव येते. 'सी' असेल तर ती कंपनी आणि 'एफ' असेल तर भागीदारी. तिथे ही युक्ती चालत नाही, फर्मचेच नाव परत दिसते.

एवढे करूनही नाव मिळाले नाही, तर पदनाम घालावे. त्यात कमीपणा काही नाही. आम्ही वाचकही 'मा. संपादक' एवढ्यावरच लिहितो. पण पद नेमके हवे. उमेदवार निवडतो तो बहुधा त्या विभागाचा प्रमुख. एचआर अर्ज चाळून पुढे पाठवते. म्हणून 'प्रति, मा. विभागप्रमुख, मेंटेनन्स', खाली कंपनीचे पूर्ण नाव आणि प्लांटचा पत्ता. इंग्रजीत 'डिअर हायरिंग मॅनेजर' चालते. अनुदानित शाळेत नेमणूक संस्था करते, मुख्याध्यापक नव्हे, तिथे 'मा. सचिव'. जाहिरात कन्सल्टंटची असेल आणि कंपनीचे नाव झाकलेले असेल, तर कन्सल्टंटलाच लिहावे, कंपनी कोणती याचा तर्क करू नये. सरकारी जाहिरातीत दिलेले पदनाम जसेच्या तसे उतरवावे.

किरण, शशी, सुहास अशा नावांपुढे किंवा नुसत्या आद्याक्षरांपुढे 'मिस्टर' अंदाजाने लावू नये. 'डिअर किरण कुलकर्णी' पुरते. मराठी अर्जात 'मा. किरण कुलकर्णी यांस' लिहिले की प्रश्नच मिटतो. खालचा 'महोदय' मात्र 'महोदय/महोदया' करावा, किंवा सरळ गाळावा. बाई आहेत हे ठाऊक असेल तर 'श्रीमती' लिहावे. कुमारी की सौभाग्यवती, याच्याशी अर्जाला कर्तव्य नाही. इंग्रजी पत्राच्या शेवटी, वर नाव असेल तर 'यूअर्स सिन्सिअरली', 'डिअर सर ऑर मॅडम' असेल तर 'यूअर्स फेथफुली'. हा भेद आता फारसा कोणी पाळत नाही, पण जुन्या वळणाचे साहेब बघतात.

आणि सर्वांत जास्त अर्ज बाद होतात ते जुने पत्र कॉपी केल्याने. वर नवे नाव, तिसऱ्या परिच्छेदात आधीच्या कंपनीचे. पाठवण्यापूर्वी फाइलमध्ये जुन्या कंपनीचे नाव 'फाइंड'ने शोधावे, मेलचा विषय आणि जोडलेल्या फाइलचे नावही बघावे, आणि 'टू'मध्ये एकच पत्ता ठेवावा.

कळावे,
भरती विभागात काम करणारा एक वाचक,
सदाशिव पेठ, पुणे ३०