गाला रात्री आईने पैठणी नेसावी, बाबांनी बंदगळा घालावा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

साउदम्प्टन ते न्यूयॉर्क, ‘क्वीन मेरी २’ जहाजावर सात रात्री. तिकीट पक्कं झाल्यापासून तुमचे सगळे प्रश्न कपड्यांवरच येऊन थांबतात. फोनवर निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून आता सविस्तर लिहिते आहे. पत्र छापून हातातल्या बॅगेत ठेवा.

सगळ्यात आधी: बाबांनी टक्सिडो शिवायचा नाही आणि आईने गाऊन विकत घ्यायचा नाही. या जहाजावर गाला, म्हणजे खास नटून जेवायला जायच्या, संध्याकाळी पुरुषांना डिनर जॅकेट किंवा गडद सूट चालतो, तसाच आपल्या देशाचा समारंभी पोशाखही चालतो. साडी आणि बंदगळा त्यातच येतात. नियमातली ही सवलत आहे असं मनात आणू नका. तिथे जो थाट अपेक्षित आहे, तो तुमच्या कपाटात आधीपासून आहे.

एवढा थाट कशाला, असं बाबा विचारतील. हे जहाज ज्या क्युनार्ड कंपनीचं, तिची बोट १८४० मध्ये पहिल्यांदा अटलांटिकपार गेली, आणि संध्याकाळी कपडे बदलून जेवायला जायचा रिवाज या कंपनीने सोडलेला नाही. ‘क्वीन मेरी २’ २००४ मध्ये सेवेत आली. ३४५ मीटर लांब आहे, आणि बंदरं फिरवून आणणाऱ्या बोटींसारखी नसून महासागर ओलांडण्यासाठीच बांधलेली आहे. मध्ये कुठे बंदर लागत नाही, उतरायचं नाही, दुकानं हिंडायची नाहीत. त्यामुळे संध्याकाळ हाच दिवसाचा मोठा कार्यक्रम असतो, आणि लोक त्यासाठी मनापासून तयार होतात.

दिवसभर साधे, नीटनेटके कपडे चालतात. संध्याकाळी सहानंतर नियम लागू होतो. सात रात्रींत सहसा दोन गाला असतात आणि बाकीच्या ‘स्मार्ट’. स्मार्ट रात्री बाबांना कॉलरचा शर्ट, पॅन्ट आणि वर जॅकेट पुरे, टाय ऐच्छिक. फाटक्या फॅशनची जीन्स, हाफ पॅन्ट, चपला नकोत. दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाचा कागद आदल्या रात्री खोलीत येतो, त्यावर संध्याकाळचा पोशाख छापलेला असतो. तो वाचल्याशिवाय बॅगेतून कपडे काढू नका. एखाद्या गाला रात्री नटायचा कंटाळा आला तर उपाशी राहावं लागत नाही: किंग्ज कोर्टचा बुफे आणि गोल्डन लायन पब साध्या कपड्यांत चालतात. मुख्य जेवणघर ब्रिटानिया आणि नाचाचा हॉल क्वीन्स रूम इथे मात्र त्या रात्री सवलत नाही.

आता बाबांचा बंदगळा. काळा किंवा अगदी गडद निळा, साधा, चमक नसलेला. जॅकेट आणि पॅन्ट मिळून ५८ इंच पन्ह्याचं सव्वातीन मीटर कापड पुरतं. त्याच कापडाची दुसरी पॅन्ट शिवून घ्या. जेवताना डाग पडतो तो बहुतेक वेळा मांडीवर, जॅकेटवर नाही. गळ्याचं माप देताना कॉलर आणि मान यांच्यात एक बोट सहज जायला हवं. शिंपी उभं करून माप घेतो, पण तुम्ही दोन तास बसून पाच पदार्थ जेवणार आहात. घट्ट गळा सुपानंतरच टोचायला लागतो. म्हणून दुसऱ्या ट्रायलला खुर्चीत बसून, सगळी बटणं आणि गळ्याचा हुक लावून बघा. आत पांढरा, उभ्या पट्टीच्या कॉलरचा शर्ट घाला. त्याची कड गळ्याशी दोराएवढी दिसली की कपडा उठून दिसतो. बंदगळ्यावर टाय लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा. बूट काळे, बंद, आणि रबरी तळाचे. कातडी तळाचे बूट संगमरवरावर आणि जहाज हलताना जिन्यावर घसरतात. नवे असतील तर निघण्याआधी दोन आठवडे घरात वापरा.

आई, तुझ्यासाठी पाच साड्या पुरेत: दोन गालाला, तीन बाकीच्या रात्रींना आलटून पालटून. कालचीच साडी परवा नेसली म्हणून कुणी मोजत नाही. बाकीच्या तिघींत एक महेश्वरी, एक चंदेरी, एक नारायणपेठ घे. हलक्या आहेत.

गालाची पहिली साडी पैठणी. ती मलमलच्या कापडात गुंडाळून बॅगेत सगळ्यात वर ठेव. डांबराच्या गोळ्या नकोत, जरीला लागून डाग धरतात. जहाजावर पोचलीस की उघडून दुसऱ्या रेषेवर घडी घाल, कारण जरीची तार एकाच घडीवर दाबून राहिली की तिथेच तुटते. हँगरला टांगून ठेवू नकोस, पदराच्या वजनाने कापड ओढलं जातं. न्हाणीघरातल्या वाफेवर सुरकुत्या काढायचा सल्ला कुणी दिला तरी ऐकू नकोस. पाण्याचा थेंब रेशमावर कायमचा उमटतो. अत्तर मनगटाला आणि कानामागे, साडी नेसायच्या आधी. जरीवर पडलं तर काळं पडतं.

नेसण्याबद्दल तीन गोष्टी. सँडल पायात घालूनच नेस, आणि निऱ्या जमिनीपासून बोटभर वर ठेव. घरी जमिनीला टेकणाऱ्या निऱ्या शोभतात, इथे जहाज हलत असताना जिन्यावर त्यांच्यातच पाय अडकतो. ब्रिटानियात वळणदार मोठा जिना आहे. त्यावरून उतरायची हौस असेल तर कठड्याला हात, नाहीतर लिफ्ट आहे. दुसरं, परकर सुती घे. सॅटिनच्या परकरावर रेशीम सरकतं आणि मिनिटामिनिटाला निऱ्या सावरत बसावं लागतं. तिसरं, पदर मोकळा सोडू नकोस. वेटर खांद्याजवळून ताटल्या ठेवतात आणि उचलतात, मोकळा पदर सुपात जातो किंवा शेजारच्या खुर्चीत अडकतो. चुण्या करून खांद्याला पिन लाव, पिनेखाली ब्लाउजच्या आतून कापडाचा छोटा तुकडा ठेव म्हणजे रेशीम फाटत नाही. टाच रुंद, दीड इंचापेक्षा जास्त नको.

नऊवारी नेसायची तुझी इच्छा मला माहीत आहे. जिन्यावर ती सहावारीपेक्षा सोयीचीच. फक्त जहाजावरचं न्हाणीघर अगदी छोटं असतं आणि काष्टा पुन्हा बांधायला तिथे जागा नाही, एवढं धरून ठरव.

गाला रात्रींना कधी कधी रंगाची किंवा मुखवट्याची कल्पना दिलेली असते. तुमच्या फेरीची प्रवासाच्या कागदांत कळेल. काळी-पांढरी असेल तर, आई, संक्रांतीची चंद्रकळा ने! अंगभर चांदण्या असलेली काळी साडी त्या हॉलच्या झुंबरांखाली जितकी शोभेल तितकी दुसरी कुठलीच शोभणार नाही. बाबांचा काळा बंदगळा आणि पांढऱ्या शर्टाची कड आपोआप त्यात बसते. मुखवट्याची रात्र असेल तर काडीवर धरायचा मुखवटा घ्या. दोघांनाही चष्मा आहे, आणि इलॅस्टिकचा मुखवटा चष्म्यावर बसत नाही.

दागिने मोजकेच: मंगळसूत्र, कुड्या, दोन-दोन बांगड्या, मोत्यांची तन्मणी. बाकी लॉकरमध्ये राहू देत. नेणार असाल त्या सोन्याचं मुंबई विमानतळावर निघतानाच कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, म्हणजे परतताना ते तिकडे घेतलं का, हा प्रश्न उठत नाही. खोलीत तिजोरी असते.

आतला एसी थंड असतो, शाल रोज बरोबर हवी. बाहेरच्या डेकचा प्रकार आणखी वेगळा. जहाज तासाला चाळीसएक किलोमीटर वेगाने जातं, तेवढा वारा आपोआप तोंडावर येतो. त्यात समोरून खरा वारा आला की उभं राहणं कठीण. उन्हाळ्यातही उत्तर अटलांटिकवर गारठा असतो. तिथे साडी नकोच. सलवार-कमीज किंवा पॅन्ट, वर वारा अडवणारं जॅकेट, कान झाकणारी टोपी, बंद बूट. डेकचे दरवाजे जड आहेत आणि वाऱ्याने आपटतात. बोटं चौकटीत ठेवू नका, उंबरठा बघून पाय टाका.

जेवण. ब्रिटानियात सहसा दोन पंगती असतात, संध्याकाळी सहाची आणि साडेआठची. तुमच्यासाठी सहाची मागितली आहे. टेबल ठरलेलं असतं आणि बहुधा अनोळखी लोकांबरोबर. काटे-चमचे बाहेरून आत वापरत यायचे, ब्रेडची ताटली डाव्या हाताची. अडलं तर टेबलावरचे इतर लोक उचलतात तो चमचा उचला. शाकाहाराबद्दल मी आधी कळवलं आहे, तरी पहिल्याच रात्री मुख्य वेटरला स्वतः सांगा: मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही. तिन्ही वेगवेगळी नावं घ्या, कारण बऱ्याच लोकांच्या हिशेबी मासा शाकाहारात येतो. भाजीच्या सुपाला कोंबडीचा रस्सा आणि गोडात जिलेटिन असू शकतं, ते मुद्दाम विचारा. भारतीय जेवण हवं असेल तर आदल्या रात्री सांगितलं की बहुतेक वेळा करून देतात. आईच्या एकादशीला बुफेत फळं, दूध, दही आणि उकडलेला बटाटा मिळेल.

दुपारी साडेतीनचा चहा क्वीन्स रूममध्ये चुकवू नका. पांढरे हातमोजे घातलेले वेटर, काकडीचे छोटे सँडविच, स्कोन आणि दाट साय. तिकिटात धरलेला आहे, वेगळे पैसे नाहीत. पैसे पडतात ते दारू, बाटलीतलं पाणी, वायफाय आणि फोटोंचे. फोटोग्राफर थांबवेल तेव्हा खुशाल उभे राहा, फोटो घ्यायची सक्ती नसते. रोजचा सेवाशुल्क खात्यावर आपोआप लागतो, वेगळी टिप द्यायचं दडपण घेऊ नका. कप्तानाच्या स्वागत समारंभात हात पुढे न करता नमस्कार केलात तरी ते पूर्ण रीतीला धरूनच होईल.

बाबा, तुमच्या गोळ्यांकडे नीट लक्ष द्या. ब्रिटन आणि न्यूयॉर्क यांच्यात पाच तासांचा फरक आहे, म्हणून पश्चिमेकडे जाताना पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे करतात. ते दिवस २५ तासांचे होतात. मधुमेहाची गोळी कोणत्या घड्याळाने घ्यायची हे डॉक्टरांकडून आत्ताच लिहून आणा, आणि बोट लागण्याच्या गोळीचंही त्याच वेळी विचारा. ती इतर औषधांबरोबर चालते का, हे त्यांनीच सांगावं. फोन कायम विमान-मोडवर ठेवा; जहाजाच्या नेटवर्कला लागला तर बिल फार येतं.

चढताना मोठ्या बॅगा धक्क्यावर घेतात आणि त्या खोलीत पोचायला संध्याकाळ होते. म्हणून हातातल्या बॅगेत पासपोर्ट, सगळी औषधं, चष्मे आणि त्या रात्रीचे कपडे. निघण्याआधी सुरक्षेची कवायत असते, ती सगळ्यांना बंधनकारक. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज हा धोक्याचा इशारा. त्या दिवशी आईने साडी नेसू नये, वर लाइफ जॅकेट घालावं लागू शकतं. इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, एक्स्टेन्शन बोर्ड, उदबत्त्या, निरांजन यांतलं काहीही नेऊ नका, तपासणीत काढून घेतात. इस्त्री मजल्यावरच्या लाँड्रीत फुकट मिळते. गालाच्या दिवशी दुपारी चारनंतर तिथे रांग लागते, सकाळी उरकून घ्या. आपल्या गोल पिनांचा प्लग खोलीत बसत नाही, अडॅप्टर लागेल.

शेवटच्या रात्री बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या असतात. सकाळचे कपडे, अंतर्वस्त्रं आणि बूट आधी बाजूला काढा, मगच कुलूप लावा. दरवेळी कुणीतरी पायात सपाता घालून उतरतं. पहाटे उठून डेकवर जा: जहाज व्हेराझानो पुलाखालून जातं तेव्हा धुराडं आणि पूल यांत अगदी थोडं अंतर उरतं, आणि पुढे डावीकडे स्वातंत्र्यदेवीचा पुतळा येतो. जॅकेट विसरू नका. बुफेतलं फळ खिशात घालून उतरू नका, अमेरिकेच्या कस्टम्समध्ये दंड होतो. चिवडा-लाडू असतील तर कस्टम्सला आधीच सांगा.

ब्रुकलिनच्या धक्क्यावर मी बाहेर उभी असेन. या आठवड्यात बंदगळ्याचं कापड आणि आईच्या ब्लाउजची मापं टाका, लग्नसराई सुरू झाली की शिंपी हाती लागणार नाही. आईचे ब्लाउज लांब बाह्यांचे शिवा.

तुमची लेक