आळस म्हणू नकोस

सदाशिव पेठ, पुणे

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. पुण्यात राहून तुझा निखिल आळशी झाला आहे, सी-सॅटचे, म्हणजे स्पर्धा परीक्षेतल्या गणित-बुद्धिमापनाच्या पेपरचे, नाव काढले की तोंड फिरवतो, तेव्हा त्याला चार शब्द सुनावण्याचा अधिकार तू मला दिला आहेस. अधिकार मी आनंदाने घेतो, पण ते चार शब्द तुलाच सुनावणार आहे.

माझ्या अभ्यासिकेचे कुलूप उघडते तेव्हा तो पायरीवर हजर असतो आणि रात्री बहुधा शेवटी उठतो. परवा मी मागच्या रांगेत हिशेबाची वही घेऊन बसलो होतो. राज्यघटनेची पाने तो सलग वाचत होता, समासात बारीक अक्षरात टिपणे काढत होता. मग त्याने सी-सॅटचा सरावसंच उघडला, काळ-काम-वेगाचे एक उदाहरण अर्धे वाचले, पेनाचे टोपण दोनदा लावले, दोनदा काढले, आणि त्याचा हात चालू घडामोडींच्या मासिकाकडे गेला. ठरवून टाळले म्हणावे, तर तसे काही त्याच्या चेहऱ्यावर दिसले नाही.

वाउटर कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नेमके हेच आढळते. माणसांपुढे पत्त्यांचे दोन गठ्ठे असत. पत्त्यावरचा अंक एका रंगात असला तर तो सम की विषम हे सांगायचे, दुसऱ्या रंगात असला तर पाचाहून लहान की मोठा. एका गठ्ठ्यात हा रंग जवळजवळ प्रत्येक पत्त्याला बदले, दुसऱ्यात क्वचितच. कोणता गठ्ठा सोपा हे कोणी सांगितलेले नसूनही लोक हळूहळू सोप्याकडे वळले, आणि त्यांतल्या अनेकांना दोन्हींतला फरक सांगताही आला नाही.

ही ओढ येते कुठून? जपानमधील असाको नागासे आणि सहकाऱ्यांच्या २०१८ सालच्या अभ्यासात याचे मला सर्वांत पटलेले उत्तर आहे. त्यांनी लोकांना दोन पर्यायांतून एक निवडायला लावून तोंडी हिशेब घातले, मात्र कोणत्या पर्यायामागे अवघड हिशेब येणार हे मधूनमधून बदलत ठेवले. लोकांची निवड केवळ लगतच्या अनुभवावर नव्हे, तर मागच्या अनेक अनुभवांवर अवलंबून होती. म्हणजे प्रत्येक पर्यायाला किती डोके शिणवावे लागेल याचा एक अंदाज मेंदू बाळगतो, प्रत्यक्ष श्रम त्याहून जास्त वा कमी पडले की त्या तफावतीने अंदाज थोडा वर किंवा खाली सरकवतो, आणि पुढची निवड या सुधारलेल्या अंदाजावर करतो, असे मानले की ती निवड उलगडते. हा अपेक्षित खर्च आणि ही तफावत, दोहोंशी जुळणारी हालचाल मेंदूच्या पुढच्या भागात, मध्यरेषेलगत वरच्या बाजूस आढळली.

आता यातली खोच बघ, आणि ही मांडणी माझी आहे. अंदाज सुधारतो तो अनुभवाने, आणि ज्याचा अंदाज चढा, ते काम माणूस टाळतो. लक्ष्मी रोडवरच्या एखाद्या दुकानात एकदा माल महाग मिळाला म्हणून पुन्हा पायरी न चढणाऱ्या गिऱ्हाइकाला भाव उतरल्याचे कळणार कसे? निखिलचा गणिताचा भाव दहावीच्या शिकवणीत ठरलेला आहे. त्यानंतर तो शिकला, वाढला, पण त्या खात्यात नवी नोंदच पडली नाही. तू रागावलास तर त्या नोंदीत भर पडेल ती जास्तीच्या खर्चाचीच.

मुळात हा खर्च कसला, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. शरीराच्या वजनात जेमतेम २ टक्के असलेला मेंदू विश्रांतीतही सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो, पण अवघड विचाराने त्यात फारच थोडी भर पडते, त्यामुळे 'डोक्यातली साखर संपली' हे स्पष्टीकरण मला लंगडे वाटते. पॅरिसमधील संशोधकांना २०२२ साली, सहा तासांहून अधिक अवघड काम केलेल्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात ग्लुटामेट, म्हणजे चेतापेशींमध्ये निरोप पोहोचवणारे रसायन, साचल्याच्या खुणा आढळल्या. दिवसभराच्या थकव्याचा त्यातून काहीसा उलगडा होतो, सकाळच्या पहिल्याच उदाहरणाला आलेल्या कंटाळ्याचा होत नाही.

आपल्या कामाचा आणखी एक अभ्यास आहे, तोही २०२२ चा, व्हिएन्ना आणि ड्रेस्डेन येथील संशोधकांचा. ज्यांना कष्टाच्या प्रमाणात बक्षीस मिळाले, त्यांनी पुढे बक्षीस बंद असतानाही इतरांपेक्षा अवघड गणिते निवडली. अशा प्रयोगांवरून आयुष्यभराची सवय बदलते असे मी म्हणणार नाही, पण दिशा मला पटते.

तेव्हा मी असे ठरवले आहे, की सकाळी चहाला अमृततुल्यवर जाण्यापूर्वी निखिलने माझ्यासमोर सी-सॅटची थोडी उदाहरणे सोडवायची. सुरुवात त्याला जमतील अशांपासून करू, मात्र दर वेळी एक तरी असे हवे, की त्याला वाटले त्यापेक्षा ते कमी अवघड निघावे. उत्तर चुकले तरी मी खोडणार नाही, किती वेळ चिकाटीने बसला ते पाहीन. तुझ्याकडून एकच हवे. रोज रात्री फोनवर "आज किती मार्क पडले?" असे तू विचारतोस म्हणे, ते महिनाभर बंद ठेव. विचारायचेच असेल, तर आज कोणते उदाहरण वाटले त्यापेक्षा सोपे गेले, ते विचार. वहिनींनाही हे समजावून सांग, कारण गुणांची चौकशी त्या तुझ्या आधी करतात.

वहिनींना नमस्कार. उत्तर पाठव.

तुझा,
मधुकर