मदर्स डेच्या मागची आई

संपादक महोदय,

मदर्स डे आला की मोबाईलवर गुलाबाच्या फोटोंचा पूर येतो, मी पण ढकलतोच म्हणा, पण हे सगळं जिच्या आठवणीतून सुरू झालं ती बाई कोण होती हे फार कमी जणांना माहीत असतं. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियातली अ‍ॅन रीव्ह्ज जार्व्हिस. डझनभर लेकरं झाली, मोठी झाली फक्त चार, बाकीची लहानपणीच गेली. दुसरी कोणी कोलमडलीच असती. हिने १८५८ च्या सुमारास आजूबाजूच्या आयांना गोळा करून स्वच्छता, औषधपाणी असली कामं सुरू केली आणि पुढे यादवी युद्धात दोन्ही बाजूंच्या सैनिकांची शुश्रूषा पण केली. श्रद्धा गाढ, चर्चमध्ये वर्षानुवर्षं मुलांना शिकवायची.

१९०५ ला ती गेली. मुलगी अ‍ॅनाने १९०८ मध्ये त्याच चर्चमध्ये तिच्यासाठी प्रार्थना ठेवली, ५०० पांढरी कार्नेशन फुलं पाठवली. १९१४ ला सरकारी दिवस जाहीर झाला, मग कार्डवाल्यांनी, फुलवाल्यांनी धंदा मांडला आणि हीच अ‍ॅना त्यांच्याशी शेवटपर्यंत भांडत राहिली. छापील कार्ड म्हणजे आईला पत्र लिहायचा आळस, असं तिचं म्हणणं. फॉरवर्ड करताना मला ते टोचतं खरं.

– एक वाचक